बोर्डावर वचन लिहिलंय, पण धंद्यात पवित्र शास्त्र नेमकं कुठे लागतं?

लोखंडी_नगरकर

सर्वांना सलाम. नगर एमआयडीसीजवळ माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, शेड, जिन्याची रेलिंग असली कामं. परवा मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) पुरुषांच्या सभेत "ख्रिस्ती माणसाने धंदा कसा करावा" या विषयावर बाहेरून आलेले एक भाऊ बोलले. बोलले छान, पण सगळ्याचा गाळ काढला तर खाली तीनच गोष्टी राहिल्या, प्रार्थना करून शटर उघडा, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग द्या, रविवारी बंद ठेवा. मग चहा आणि बिस्किट.

मला पटलं नाही म्हणून इथे लिहितोय. शास्त्रात, म्हणजे बायबलात, धंद्याबद्दल एवढं बारीकसारीक लिहिलंय आणि माझ्या मते त्याचा सगळा जोर दोन गोष्टींवर आहे, वजन आणि मजुरी. त्यातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सरळ सांगितलंय की पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नको, म्हणजे घेताना जड आणि देताना हलकं. लेवीय १९ मध्ये आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको, सकाळपर्यंत! आणि आमोस संदेष्ट्याचा ८ वा अध्याय वाचा एकदा. तिथले व्यापारी म्हणतायत शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) कधी संपतो, म्हणजे आम्ही धान्य विकायला काढू, माप लहान करू, किंमत वाढवू, गव्हाची चाळण पण विकून टाकू. म्हणजे त्या लोकांचं दुकान शब्बाथाला बंदच होतं की हो! सुट्टी पाळत होते आणि तरी संदेष्टा त्यांच्यावर एवढा भडकलाय.

आमच्या लाइनमध्ये दोन वजनं म्हणजे गेज, पाइपच्या पत्र्याची जाडी. कोटेशनमध्ये १६ गेजचा स्क्वेअर पाइप लिहायचा आणि लावायचा १८ चा. १६ म्हणजे साधारण १.६ एमएम, १८ म्हणजे १.२. रंग मारला की गिऱ्हाईकाच्या बापाला कळत नाही. रेड ऑक्साइडचे दोन हात लिहायचे, एक मारायचा. हे करणाऱ्यांच्या दुकानात पण भिंतीवर स्तोत्र २३ फ्रेम करून लावलेलं मी पाहिलंय.

तर प्रश्न असे की १) बिल नको, जीएसटीचे १८ टक्के वाचवा म्हणणारं गिऱ्हाईक कसं हाताळता, २) मोठा कॉन्ट्रॅक्टर चार चार महिने पेमेंट अडकवतो तेव्हा शनिवारी पोरांचा पगार कुठून करता, ३) चहापाणी. धंदा करणाऱ्यांनीच उत्तरं द्या प्लीज, प्रवचन नको, ते रविवारी ऐकतोच.

आशीर्वादित_जीवन

प्रभूची स्तुती असो भाऊ. तुम्ही दशांशाला कमी लेखू नका. मलाखी ३:१० मध्ये परमेश्वर स्वतः म्हणतो माझी परीक्षा पाहा, आकाशाची कवाडं उघडून आशीर्वाद ओततो की नाही. आमच्या ओळखीत एका भावांनी विश्वासाने पेरलं आणि दोन वर्षांत दुसरं दुकान टाकलं. आधी पेरा मग कापणी होते. पगार, पेमेंट हे सगळं आपोआप सुरळीत होतं.

लोखंडी_नगरकर

दशांश मी पण देतो दादा, त्याबद्दल वाद नाही. पण मलाखी ३:१० वाचताना बोट जरा वर सरकवा, ३:५ वर. तिथे परमेश्वर म्हणतो मी न्याय करायला येतो, आणि कोणाकोणाविरुद्ध, तर जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्याच रांगेत मजुराची मजुरी दाबणारे. कवाडं उघडायच्या आधी पाच ओव्या हे लिहिलंय. ५ वं वचन मी अजून एकाही बिझनेस सेमिनारच्या बॅनरवर पाहिलेलं नाही, १० वं मात्र सगळीकडे.

हिशेबनीस_ताई

मी सीए आहे, पुण्यात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कायद्याने अर्धं उत्तर दिलंय आणि गंमत म्हणजे फार कमी लघुउद्योजक ते वापरतात. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आधी करा, फुकट आहे. एमएसएमई कायदा २००६ चा, त्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायलाच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्सच्या कलम ४३बी मध्ये भर पडली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले अचानक गोड बोलायला लागतात :) फक्त हे उत्पादन आणि सेवावाल्यांना आहे, नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना नाही.

हे मोशेच्या नियमशास्त्राशी जोडलं तर अनुवाद २४ मध्ये कारण पण दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलाय. कॅशफ्लो म्हणजे शेवटी हेच. तुमच्याकडे माल उधारीवर देणारा जो वेल्डिंग रॉडवाला आहे ना, त्याचं बिल पण मोशेच्या याच नियमात येतं हं, फक्त कॉन्ट्रॅक्टरकडे बोट दाखवू नका.

बिनबिलाचं म्हणाल तर रोमकरांस १३:७ मध्ये ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या इतकं स्पष्ट आहे की त्यात पळवाट नाही. प्रॅक्टिकल सांगू का, गिऱ्हाईकाला एकच रेट सांगा, टॅक्स धरून. "रेट अधिक जीएसटी" म्हटलं की त्याचं डोकं लगेच त्या १८ टक्क्यांवर जातं.

वसईचा_वाडीवाला

आमच्याकडे वसईत वेगळा इतिहास आहे तो सांगतो. पूर्वी वाडीवाले सावकाराच्या कर्जात, पीक उभं असतानाच विकलेलं. तेव्हा मोन्सेनिअर मोनिस म्हणून आमचे धर्मगुरू होते, त्यांनी १९१८ साली पापडीला पतपेढी काढली, तीच पुढे बसीन कॅथोलिक बँक झाली. आज आमच्याकडे ज्याचं त्याचं खातं तिथे. म्हणजे फादरांनी नुसतं व्याज हे पाप आहे असं पुलपिटावरून सांगितलं नाही, दुसरी सोय करून दिली. मला वाटतं बायबलची तत्त्वं धंद्यात आणायची तर एकट्या दुकानदाराने पुण्यवान होऊन भागत नाही, सावकाराला पर्याय लागतो.

पण यात एक गोम आहे बघा. नीतिसूत्रांत पाचसहा ठिकाणी तरी सांगितलंय की दुसऱ्याला जामीन राहू नको, राहिला असशील तर हरणासारखी सुटका करून घे, झोपू पण नको. आणि सहकारी बँकेची सगळी पद्धतच जामीनदारांवर! माझ्या वडलांनी गावातल्या एकाला सही दिली होती, तो गेला गल्फला आणि हप्ते भरले आम्ही. तरी ते म्हणायचे सही दिली नसती तर त्याच्या पोरीची फी कोणी भरली असती. आता यात शास्त्राप्रमाणे कोण वागलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, देहू रोडला किराणा दुकान आहे. धागा आवडला म्हणून लिहितोय. खोट्या मापाचं पाप काय एका धर्माचं नाही, आमचे तुकोबा स्वतः वाणी, घरची सावकारी, आणि कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण एक खरंच विचारायचंय. मिशनच्या शाळेत होतो तेव्हा ती द्राक्षमळ्याची गोष्ट ऐकली होती. सकाळी आलेल्याला जेवढी मजुरी तेवढीच संध्याकाळी पाच वाजता आलेल्याला. आता मला सांगा मी दुकानात असं केलं तर सकाळचा पोरगा दुसऱ्या दिवशी पाचलाच येईल की. हे बिझनेसचं तत्त्व म्हणून कसं घेता तुम्ही?

लोखंडी_नगरकर

इंद्रायणीकाठ दादा, मस्त प्रश्न, मंडळीत हा कोणी विचारत नाही.

मत्तय २० मधली ती गोष्ट मुळात देवाच्या कृपेबद्दल आहे, पगारपत्रकाबद्दल नाही, हे आधी मान्य. तरी पण ती सांगणाऱ्याला लेबर नाका चांगला माहीत होता. आमच्याकडे सकाळी ८ ला नाक्यावर गेलात तर दणकट पोरं आधी उचलली जातात, १० नंतर जे उभे राहतात ते म्हातारे, आजारी, नाहीतर नवीन आलेले, आणि दुपारी तिथे जायचं कोणी नाव घेत नाही. हा मळेवाला दिवसभरात पाच वेळा स्वतः नाक्यावर गेला, मुकादमाला पाठवलं नाही. शेवटच्यांना विचारलं इथे दिवसभर रिकामे का उभे, ते म्हणाले आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. एक दिनार म्हणजे एका घराचं एका दिवसाचं पोट. अर्धा दिनार दिला असता तर हिशोब बरोबर झाला असता पण पोरं अर्धपोटी झोपली असती.

आणि सकाळच्यांना ठरल्यापेक्षा एक पैसा कमी दिला नाही, त्याच संध्याकाळी दिला. मी यातून एवढंच घेतो की ठरलेलं कमी करायचं नाही, वर जे द्यायचं ते मालकाच्या खिशातून, दुसऱ्या कामगाराच्या नाही. बाकी तुमचा पोरगा पाचला येईल हे खरंय :D

कॅम्पातली_बेकरीवाली

रविवारचं मी बोलते कारण माझं केक आणि केटरिंगचं काम आहे, पुणे कॅम्पात. नाताळच्या आधीचे रविवार बंद ठेवले तर मला वर्षभर दुकान काढायची गरजच नाही, इतकी ऑर्डर त्या पंधरा दिवसांत असते. पण निर्गम २० मधलं वचन नीट वाचलंत तर त्यात मालकाच्या सुट्टीपेक्षा बाकीच्यांचीच यादी मोठी आहे, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, तुझ्या दारातला परका. म्हणजे मी कोट घालून चर्चला बसले आणि मागे भट्टीवर पोरं डबल शिफ्टला, तर तो शब्बाथ नाहीच. मी काय करते, डिसेंबर सोडून सोमवारी सगळ्यांना सुट्टी, पगारी, आणि डिसेंबरचं जेवढं जास्तीचं काम तेवढ्या सुट्ट्या जानेवारीत. आमच्या पास्टरांना फारसं रुचत नाही, माझ्या पोरांना रुचतं.

बर्मिंगहॅमचा_भाचा

मी कामासाठी बर्मिंगहॅमला आहे, ऑफिसपासून बॉर्नव्हिल, कॅडबरीच्या कारखान्याचं गाव, जवळ आहे म्हणून लिहितो. या विषयावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांशिवाय चर्चा पुरी होत नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांना ऑक्सफर्ड केंब्रिजची दारं बंद, सरकारी पदं बंद, कारण ते शपथ घ्यायचे नाहीत, येशूने सांगितलंय तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. मग उरलं काय, धंदा. आणि तेच तत्त्व त्यांनी दुकानात आणलं, एकच भाव. त्या काळी घासाघीस हीच रीत होती, यांच्याकडे लहान पोराला पाठवलं तरी तोच भाव, म्हणून गिऱ्हाईक वाढलं. दिवाळं काढलं तर त्यांची सभा चौकशी करायची आणि बेफिकिरीने लोकांचे पैसे बुडवले असतील तर नाव कमी करायची. म्हणून लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायला लागले, बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची मुळं क्वेकर घराण्यांत आहेत. फ्राय, राउंट्री, कॅडबरी, चॉकलेटवाले तिघंही क्वेकर.

कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये कारखाना शहराच्या धुरातून बाहेर काढून बॉर्नव्हिलला नेला, पुढे घरं, बागा, मैदानं. दारूचं दुकान नाही, आजही तिथे पब नाही.

पण दुसरी बाजू पण सांगतो कारण ती सहसा सांगत नाहीत. त्यांचा बराच कोको यायचा साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून आणि तिथे अंगोलातून आणलेले मजूर गुलामासारखे राबवले जायचे. विल्यम कॅडबरीच्या कानावर हे १९०१ मध्ये आलं. चौकशा झाल्या, माणूस पाठवला, अहवाल आला, सरकारशी बोलणी झाली, आणि तिथला कोको घेणं बंद केलं १९०९ मध्ये. मधली आठ वर्षं खरेदी चालू. लंडनच्या स्टँडर्ड पेपरने ढोंगी म्हणून झोडलं, कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला, जिंकले पण, आणि ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. बॉर्नव्हिलच्या बागेत फिरताना मला तो फार्दिंग आठवतो. स्वतःच्या कामगाराला पेन्शन आणि कोको तोडणाऱ्याला बेडी, आणि दोन्ही एकाच हिशोबाच्या वहीत. तेव्हा नगरकर दादा, तुमच्या शनिवारच्या पगाराइतकाच तुमचा पाइप कुठून येतो हा पण प्रश्न आहे.

कौलारू

अवांतर पण जवळचं. कोकणात आमच्या जुन्या घरावर मंगलोरी कौलं आहेत. ही कौलं बनवायचा पहिला कारखाना मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. ख्रिस्ती झालेल्यांचा जातीचा धंदा सुटायचा, गावात काम मिळायचं नाही, म्हणून विणकाम आणि कौलं. छान चाललं, पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारने ताब्यात घेतलं. पण विचार करा, ज्याच्याकडे नोकरी तेच तुमचं चर्च. पगारावरून भांडायचं कोणाशी, मिशनशी? कारखाना आणि देऊळ एका मालकाचं असलं की कामगाराला तक्रारीला जागा उरत नाही. आपल्या मंडळीतल्या माणसालाच कामावर ठेवा असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रोखठोक_७०

सगळं वाचलं. चर्चा चांगली पण जमिनीवर या. मी पण फॅब्रिकेशनमध्ये आहे, नाशकात. शेजारचा १८ गेज लावून किलोमागे कमी रेट देतो, गिऱ्हाईक रेट बघतं. नगरकर साहेब तुम्ही १६ लावता तर तुमचं कोटेशन महाग दिसणार, ऑर्डर जाणार, मग शनिवारी कोणाला पगार देणार, देवदूतांना? आणि चहापाण्याचं कोणीच बोललं नाही, सगळ्यांनी तो प्रश्न बरोब्बर टाळला.

लोखंडी_नगरकर

ऑर्डरी जातात, खोटं कशाला बोलू. मोठ्या सोसायट्यांची कामं मला मिळत नाहीत. मी एवढंच करतो की कोटेशनमध्ये फुटाला किती किलो बसतं ते लिहितो आणि माल फिटिंगला न्यायच्या आधी गिऱ्हाईकाला म्हणतो चला वजनकाट्यावर. बरेचजण येत नाहीत, पण काट्यावर चला म्हणणारा माणूस त्यांच्या लक्षात राहतो, पुढचं काम तिकडून येतं. गिऱ्हाईक पण काय साधं नसतं हां, नीतिसूत्रे २०:१४ वाचा, घेताना "वाईट आहे वाईट आहे" म्हणतं आणि घरी जाऊन फुशारकी मारतं. तीन हजार वर्षांत गिऱ्हाईक बदललेलं नाही.

आणि लोखंडाचा भाव रोज हलतो म्हणून आता कोटेशनवर सात दिवसांची मुदत छापतो. मुदतीत भाव वाढला तर तोटा माझा. स्तोत्र १५ मध्ये आहे ना, स्वतःचं नुकसान झालं तरी शब्द फिरवत नाही तो. पण शब्द किती दिवसांचा द्यायचा हे आधी ठरवायला स्तोत्राची बंदी नाही.

हिशेबनीस_ताई

रोखठोक दादा, टाळलं नव्हतं, ऑफिसातून सुटले नव्हते. शास्त्र लाच घेणाऱ्यावर तुटून पडतं, निर्गम २३:८, लाच डोळसालाही आंधळं करते. देणाऱ्याबद्दल नीतिसूत्रांत एकदोन ठिकाणी अगदी कोरडं निरीक्षण आहे की भेट दिली की दार उघडतं. काही जण त्यालाच परवानगी समजतात, मला तसं वाटत नाही. कायद्याचं सांगते, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा पण गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत पोलिसांना किंवा लाचलुचपतवाल्यांना कळवलं तर वाचता, नंबर १०६४. किती लोक करतात? माझ्या क्लायंटमध्ये फार नाहीत. जे देत नाहीत त्यांची फाइल जास्त दिवस पडून राहते, आणि तो उशीर ते किमतीत आधीच धरतात. याच्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

वसईचा_वाडीवाला

नगरकर, एक राहिलं. उचल घेऊन पळणाऱ्या कामगाराचं काय करता? आमच्याकडे वाडीवर दरवर्षी एक तरी जातो. काहीजण आधार कार्ड ठेवून घेतात.

लोखंडी_नगरकर

आधार अजिबात ठेवून घेऊ नका. अनुवाद २४:६ बघा, जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. आज त्या पोराचं जातं म्हणजे आधार आणि मोबाईल, त्याशिवाय त्याला दुसरीकडे काम मिळत नाही की बँकेत पैसे येत नाहीत. आमच्याकडे एका वेल्डरने स्वतःचं मशीन आणलं होतं, उचल बाकी ठेवून गेला, मशीन माझ्याकडेच होतं, ते मी निरोप पाठवून नेऊ दिलं. पैसे आले नाहीत अजून. आता उचल एका आठवड्याच्या मजुरीच्या वर देत नाही आणि ती चार आठवड्यांत कापतो, एकदम नाही.

ताई, उद्यम नंबर सापडला, रजिस्ट्रेशन आहेच, बिलावर कधी छापलाच नव्हता. कॉन्ट्रॅक्टरची तीन बिलं अडकलीयत, त्यातलं जुनं बिल नंबर टाकून पुन्हा मेल करतो, व्याजाचं लगेच काढू का आधी नुसती मुदत सांगू?

हिशेबनीस_ताई

आधी मुदत आणि कलम, व्याजाचा आकडा दुसऱ्या मेलमध्ये. आणि मेल त्यांच्या साइट इंजिनिअरला नको, अकाउंट्सला करा, मार्च जवळ आलाय.

रोखठोक_७०

काय होतं ते इथेच टाका. माझी पण दोन अडकलीयत.